मृदंग बद्द वाजू लागला तर

माउलींनो, हे बोलणं पिंपळीच्या सप्ताहात झालं. आता ते कागदावर उतरतं आहे, म्हणजे मंडपात बसलेल्या मंडळींबरोबर हातात पुस्तक धरून बसलेले तुम्हीही श्रोते झालात. कागदावर टाळ वाजत नाही आणि मृदंगही वाजत नाही. पण आजचा विषय मृदंगाचाच आहे. घरात, देवळात, भजनी मंडळाच्या खोलीत मृदंग असेल तर तो शेजारी घेऊन बसा. नसेल तर बसल्या जागी ऐका. शेवटी ज्या मृदंगाकडं यायचं आहे, तो प्रत्येकाजवळ आहेच.

काल कीर्तन सुटल्यावर दोन जण भेटायला आले. एक वाजवणारा पोरगा, त्यानं विचारलं, "महाराज, मृदंग चांगला बोलत होता आणि एकाएकी बद्द झाला. काय बघावं?" त्याच्यामागं एक माउली उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "महाराज, चाळीस वर्षं माळ ओढते. पण गेल्या वर्षापासून नाम घेते आणि आत काही वाजतच नाही. काय चुकलं असेल?" प्रश्न दोन, पण मला ते एकच वाटले. म्हणून आज पोराला उत्तर देतो, त्यात माउलींचं उत्तर येईल.

आधी मृदंग म्हणजे काय ते बघू. मृद् म्हणजे माती. मातीचं अंग ज्याला तो मृदंग. पुढं लाकडाचं खोड आलं, नाव मात्र मातीचंच राहिलं. खोड आतून पोकळ. उजव्या तोंडाला लहान पुडी, डाव्या तोंडाला मोठी, तिला आपण धुमा म्हणतो. उजव्या पुडीच्या मधोमध काळी शाई, शाईभोवती उघडी लव, लवेच्या बाहेर चाट. पुडीच्या कडेनं वळलेला गजरा, गजऱ्यात सोळा घरं, त्या घरांतून वाद्या ओवलेल्या आणि वाद्यांखाली लाकडाचे आठ गठ्ठे. हल्ली नटबोल्टचे मृदंग आले, तिथं वादीचं काम पाना करतो. धुम्याला शाई नसते. तिथं वाजवायच्या आधी कणीक लावायची आणि वाजवून झालं की काढायची.

आता त्या शाईकडं बघा. हलगीचं कातडं वाजतं, ढोल वाजतो, पण त्याला 'हा याचा सा' असं बोट ठेवून सांगता येत नाही. नुसतं ताणलेलं कातडं वाजलं की त्यातून अनेक नाद एकदम निघतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचं वजन आलं की तेच नाद ओळीनं उभे राहतात आणि कान म्हणतो, हा सूर. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या शोधासाठी १९३० साली नोबेल मिळालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी, १९२० साली, त्यांनी सहकाऱ्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात आपल्या मृदंग-तबल्याच्या सुरेल नादाबद्दल लिहिलं होतं, आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर लेख लिहिला. पुडीतून सुरात बसणारे पाच नाद निघतात हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं. जगातल्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला जे समजून घ्यावंसं वाटलं, ते लोखंडाचा कीस आणि खळ घोटून बसवणाऱ्या आपल्या कारागिरांच्या बोटांत आधीपासून होतं.

तर असा हा मृदंग एकाएकी बिघडला. पहिली गोष्ट, हातोडी उचलायची नाही. आपल्याकडं म्हण आहे ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आधी आजार कुणाला ते बघायचं.

पहिला प्रश्न विचारायचा: मृदंग हलला की गाणारा हलला? हसू नका. निम्म्या वेळा तेच असतं. गायकानं काळी एक सोडून काळी दोन धरलेली असते, किंवा पेटी बदललेली असते. मृदंग बिचारा आपल्या सुरावर इमानानं बसलेला असतो आणि मंडळी म्हणतात, मृदंग उतरला. विणेकऱ्याला एकदा वीणा छेडायला सांगा, पेटीवर आपली ठरलेली पट्टी धरा, मग मृदंगावर थाप द्या. जुळलं तर मृदंगाला हात लावायचं कारणच नाही.

दुसरा प्रश्न: सूर उतरलाय, आवाज मेलाय, की आवाजात चरचर आलीय? ही तीन वेगळी दुखणी आहेत. सूर उतरला म्हणजे आवाज गोलच आहे, फक्त खाली आलाय. आवाज मेला म्हणजे थाप पडते, पण मागं आस राहत नाही, फुटक्या मडक्यासारखा बद्द होतो. आणि चरचर म्हणजे सुराच्या अंगाला काहीतरी सैल लागून हलतंय. डॉक्टर ताप, खोकला आणि पोटदुखीला एकच गोळी देत नाही. तुम्हीही देऊ नका.

तिसरी गोष्ट: एका बोटानं चाटेवर हळूहळू टिचक्या मारत पुडीभोवती फिरायचं. सोळा घरं, सोळा टिचक्या. घाई करायची नाही. सगळी घरं सारखीच उतरलेली असली तर ती हवेची करणी. आपल्याकडं हे नेहमीचं आहे. देहूचा पालखी सोहळा, तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला, बारामतीचा मुक्काम उरकून याच पिंपळी-लिमटेकवरून काटेवाडीला जातो. काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. दिवस पावसाळ्याचे. वरून सर येते, खाली रस्ता तापलेला असतो, दोन्ही बाजूंना नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. गळ्यात मृदंग घेऊन चालणाऱ्यानं वर प्लॅस्टिकचा कागद बांधला तरी कातडं ओल पिणारच. ओल प्यायलेलं कातडं सैल पडतं आणि सूर खाली येतो.

हे दुखणं नाही, हा मोसम आहे. कोरड्या कपड्यात गुंडाळून सावलीला, वाऱ्याला ठेवा, आपोआप चढतो. पण आपल्याला धीर नसतो. कुणी चुलीपुढं धरतो, कुणी दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवतो. मग एकदम वाळतं, शाई उलते आणि कातडं कडेला फाटतं. किंवा ओल्या कातड्यावर वाद्या कच्चून ओढतात. दोन दिवसांनी ऊन पडलं की तेच कातडं आपलं आपण आवळतं, त्यात तुमचा ताण आधीच बसलेला, आणि रात्री कुणी हात न लावता पुडी फट्‌कन जाते.

एकच घर उतरलं असलं, बाकीची पंधरा ठीक, तर गोष्ट वेगळी. तिथं वादी सरकली असेल, गठ्ठा हलला असेल किंवा घराशी गजरा तुटायला आला असेल. त्या घराशी गजऱ्यावर वरून खाली हातोडीचा हलका ठोका दिला की सूर चढतो, खालून वर दिला की उतरतो. पण एक ठोका दिला की समोरचं घर पुन्हा तपासायचं. एका बाजूला ताणलं की समोरची बाजू त्याचा भार घेते. घरात एका मुलाला ओरडलात तर दुसऱ्याचं तोंडही बघत जा, तसंच हे.

घरं सगळी सारखी आहेत, तरी आवाज मेलेला किंवा चरचरता आहे? मग शाई बघा. बॅटरी तिरकी धरून बघा. शाईवर बारीक भेगांचं जाळं दिसेल, त्याला घाबरू नका. ते मुद्दाम पाडलेलं असतं. थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडानं घोटून कारागीर शाई अशी बसवतो की ती कातड्याबरोबर हलली पाहिजे. एकसंध घट्ट बसली असती तर ती बोललीच नसती. बघायचं आहे ते हे, की कुठं कपचा उचललाय का. संशय येईल तिथं डाव्या हाताच्या बोटानं अगदी हलकं दाबा आणि उजव्या हातानं वाजवा. चरचर थांबली तर रोग तिथं. घरच्या गोंदानं चिकटवू नका, मढवणाऱ्याकडं न्या.

आणि शाई सुटते कशानं? पुष्कळदा आपल्या भक्तीनं. दसऱ्याला, सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आपण वाद्यपूजन करतो. ओलं गंध थेट शाईला, त्यावर पाण्यातून काढलेलं फूल, वर नारळाच्या पाण्याचे शिंतोडे. भाव चांगला आहे, पण शाईला पाणी सोसत नाही. गंध लाकडाला लावा, फूल शेजारी ठेवा. देवाला तेही पोचतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजवीकडं काही सापडलं नाही तर मृदंग फिरवा आणि धुम्याकडं बघा. कणीक मऊ मळलेली होती का? तीन तासांत ती वाळते, हलकी होते, मग डाव्या बाजूचा खर्ज वर चढतो आणि सगळा मृदंग पोकळ, उघडा वाटायला लागतो. कधी कणकेचा अर्धा गोळा गळून पडतो आणि एका थापेत आवाज बदलतो. जुनी कणीक काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, ताजी लावा. डावीकडचा नाद उजवीच्या सुराच्या खालच्या सप्तकात बसेपर्यंत थोडी थोडी वाढवत न्या. आणि सेवा झाली की काढून ठेवा. रात्री तशीच राहिली की कातडं आकसतं, शिवाय उंदराला आयतं जेवण.

यावरून एक घडलेली गोष्ट सांगतो. गाव याच बारामती-इंदापूर भागातलं, नाव घेत नाही. मी तेव्हा आळंदीला शिकत होतो. जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था तिथं आहे. सुट्टीत सप्ताह असला की आम्ही टाळ धरायला जायचो. त्या गावी मृदंगावर सोळा-सतरा वर्षांचा पोर होता. पाच दिवस असा वाजला की म्हातारी माणसं माना डोलवत. सहाव्या रात्री, कीर्तन ऐन रंगात असताना, मृदंग बद्द झाला. पोरानं हातोडी घेतली, ठोकलं, चढवलं, उतरवलं. काही नाही. घामानं निथळला.

मग सुरू झालं. एक म्हणाला, पोराचा हात दमला. दुसरा म्हणाला, दमला नाही, चढला, पाच दिवस कौतुक झालं ना! तिसरा म्हणाला, दृष्ट लागली. कमिटीतले एक म्हणाले, पुडीच फेकून द्या, उद्या नवी आणू. पोरगं रात्री जेवलं नाही. कोपऱ्यात पिशवी भरायला लागलं. आई-बाप ऊस तोडायला जाणारे, पोराच्या हातात एवढी एकच विद्या. आणि 'हात गेला' हा शब्द एकदा गावात फिरला की पुढच्या सप्ताहाचं बोलावणं येत नाही. एका थापेच्या आवाजावर पोराचं आयुष्य टांगलं होतं.

मंडपाच्या बाहेर, कनातीच्या दोरीपाशी, एक म्हातारबाबा बसलेले. त्यांनी जन्मभर मृदंग, हलग्या, ढोलकी मढवल्या होत्या. ते उठून आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "पोराला म्हणावं मिरदुंग घिऊन हिकडं ये." पोर गेलं. बाबांनी मृदंगाकडं बघितलंच नाही. डोळे मिटले आणि म्हणाले, "वाजीव. माझ्याकडं बघू नगं, वाजीव." पोरानं चार बोल वाजवले. बाबा म्हणाले, "हात लई ग्वाड हाय. पुडी बी जित्ती हाय. धुमा फिरीव."

धुम्यावरची कणीक काढली. खाली, कडेच्या अंगाला, नखाएवढी चीर. आदल्या रात्री मृदंग कणकेसकट तसाच ठेवला होता आणि उंदरानं काम केलं होतं. सकाळी त्यावरच नवी कणीक थापली, म्हणून चीर कुणाला दिसली नाही. वाजून वाजून ती फाकली आणि आतली हवा तिथून निसटायला लागली. आवाज जाताना कळत होता उजवीकडं, हवा जात होती डावीकडून. दोन्ही पुड्या एकाच पोकळीवर बसलेल्या, एकीचं दुखणं दुसरीच्या तोंडून बोलतं. भजनी मंडळाच्या जुन्या मृदंगाचा धुमा बाबांनी दोन तासांत त्याला चढवला. काल्याच्या दिवशी त्याच पोरानं वाजवलं.

आता मला सांगा, ते बाबा मंडपाच्या बाहेर का बसले होते? जागा नव्हती असं नाही. आजोबा-पणजोबांपासून तिथंच बसायची सवय लावलेली होती. मृदंगाचं कातडं गाभाऱ्यापर्यंत चालतं आणि ते मढवणारा हात मात्र दाराशी थांबतो! साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं, तेव्हा देवाचं दार सगळ्यांना उघडलं. दार उघडलं, पण सवय कनातीच्या दोरीपाशी बसूनच राहिली. समाज बद्द वाजायला लागतो तो असा. आपण उजवीकडं ठोकत बसतो आणि हवा निसटत असते तिकडं, जिकडं आपण वर्षानुवर्षं कणीक थापून ठेवली आहे.

चोखोबारायांचं चरित्र तुम्हाला ठाऊक आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, चोखोबा आणि कितीतरी मजूर खाली गाडले गेले. नामदेवराय अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात सगळ्यांचीच हाडं. चोखोबांची कुठली? परंपरा सांगते की नामदेवरायांनी एकेक अस्थी उचलून कानाला लावली. ज्या अस्थीतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, ती चोखोबांची. त्या त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. रंगावरून, जातीवरून, कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी ओळखलं नाही. कानाला लावून ओळखलं. त्या म्हातारबाबांनी डोळे मिटून मृदंग ऐकला, ती हीच रीत.

आता त्या माउलींकडं येतो. काल त्यांना मी विचारलं, गेल्या वर्षी काय झालं होतं? त्या म्हणाल्या, कर्ता मुलगा गेला. म्हटलं, माउली, तुमचं काही चुकलेलं नाही. पुडी फाटलेली नाही, शाईही सुटलेली नाही. सोळाही घरं सारखीच उतरली आहेत, म्हणजे ही ओल आहे. एवढा पाऊस पडल्यावर कातडं ओल पिणारच, न पिणारं कातडं मेलेलं. आता कुणी सांगेल, जास्त माळा ओढा, कडक उपास करा, मन घट्ट करा. ते चुलीपुढं धरणं झालं. कच्चून ताणू नका. सावलीला बसा. जमेल तेवढं नाम घ्या, गोडी लागली नाही तरी घ्या. चार बायांबरोबर हरिपाठाला बसा, तुमच्या तोंडून आला नाही तरी त्यांचा सूर कानावर पडू द्या. वाळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागेल.

पण सगळ्यांचं दुखणं ओलीचं नसतं. वाचणाऱ्या माउली, तुमचं नाम बद्द वाजत असेल तर याच क्रमानं बघा. आधी बघा, पट्टी बदलली का? काल संसारात होतात, आज दुसऱ्याच्या भक्तीशी आपली तुलना करायला लागलात आणि म्हणता, मी उतरलो. मग बघा, सगळीकडूनच मन उतरलंय की एकाच घरात? भावाशी अबोला आहे, बांधाचा वाद आहे, तेवढं एक घर सुरात आणा आणि समोरचं तपासा. मग बघा, पूजेचंच पाणी शाईत मुरतंय का? माळ, टिळा, मान, हार यांनी आत काही सुटतंय का? आणि यात काही सापडलं नाही तर धुमा फिरवा. उजवी बाजू लोकांना दिसते, मंडपातली, कीर्तनातली. डावी बाजू घरातली, व्यवहारातली, अंधारातली. कुणाची मजुरी ठेवली असेल, कुणाला दारात बसवलं असेल, त्यावर रोज नवी कणीक लावत असाल, तर उजवीकडं कितीही ठोका, हवा तिकडून निसटणारच.

ज्याच्याजवळ मृदंग आहे, त्यानं आज सेवा झाल्यावर कणीक काढून, पुसून, सुती कापडात गुंडाळून मगच झोपावं. सप्ताहाला मढवणारे कारागीर आले तर त्यांना हाताला धरून पुढं, विणेकऱ्याच्या शेजारी बसवावं. आणि वाजवणारं पोर घाबरलं असेल तर 'हात गेला' म्हणायच्या आधी मृदंग दोन्ही बाजूंनी बघावा.

राम कृष्ण हरी.